फक्त गवतापुरतं

एनिस, काउंटी क्लेअर
२४ ऑक्टोबर २०२०

श्री. अद्वय सबनीस यांस,
स. न. वि. वि.

विषय : तुम्ही दिलेल्या तीन कुंड्यांतील जांभळे गवत.

मी विलास वैरागडे, स्वानंदीचा बाप. आपण एकदा भेटलो आहोत. जुलैत तुम्ही या कुंड्या घेऊन आलात तेव्हा चहा मीच केला होता. स्वानंदीने 'मित्र' म्हणून ओळख करून दिली आणि मीही मित्रच समजलो. सप्टेंबरात पोरगी आठ दिवस जेवताना बोलली नाही, तेव्हा बाकीचं समजलं. तुमचं नाव आता या घरात निघत नाही. मी काढत नाही, ती काढत नाही.

पण गवत वाळून राहिलं आहे. उन्हाळ्यात काय डौल होता त्याचा. कोल्ह्याच्या शेपट्यांसारखे तुरे, पानं वांग्याच्या रंगाची. शेजारची म्हातारी कुंपणावरून बघून जायची. आता पानं टोकापासून पिवळी पडत चालली. थंडी बाधली असेल म्हणून मी तिन्ही कुंड्या बैठकीत हीटरजवळ आणून ठेवल्या, एकीला जुनी शाल गुंडाळली. पाण्याची हयगय नाही. अंघोळ झाली की गडवाभर पाणी कुठल्यातरी मुळाला घातल्याशिवाय मला चहा उतरत नाही. नागपूरला स्वानंदीच्या आईची तुळस होती, इथे हे गवत आहे. तरी ते वाळतंच आहे. कापून टाकायचं का? कुंडीवरच्या चिठ्ठीवर तुमच्या नर्सरीचा पत्ता होता म्हणून लिहितो आहे.

फोन केला असता, पण या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत आणि माझा फोन तीच चालवून देते. पोस्टाची पेटी चालत जाण्याच्या अंतरात आहे, तेवढं चालायला लॉकडाउनातही सरकारची परवानगी आहे. टपाल येतं तेव्हा ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते.

आता एक अट. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्य काढलं, अजनीला इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. एका लाइनीवर एका वेळी एकच गाडी, हे रक्तात आहे. ही लाइन फक्त गवतापुरती. माझ्या मुलीबद्दल एक शब्द लिहिलात तर माझ्याकडून पुढचं पत्र येणार नाही.

आपला,
विलास वैरागडे


ॲथलोन
२८ ऑक्टोबर २०२०

ती. विलासकाका यांस,
सा. न. वि. वि.

अट मान्य. हे वाक्य लिहायला मला दोन कागद लागले, पण मान्य.

काका, आधी शाल काढा. मग कुंड्या हीटरपासून उचला. आज, हे पत्र हातात असतानाच. हे गवत मुळात गरम देशांतलं आहे, इथलं दव त्याला सोसत नाही, एवढं तुमचं बरोबर. पण हीटरपाशी त्याला वाटतं उन्हाळाच चाललाय, आणि ऊन तर कुठेच नाही. जगायचं की झोपायचं, त्याला कळत नाही. त्याला थंड पण न गोठणारी, भरपूर उजेडाची जागा पाहिजे. तुमच्या पुढच्या दाराबाहेर काचेची पडवी आहे ना, तीच. जणू त्याच्यासाठीच बांधली आहे.

आणि पाणी बंद करा. अगदीच कोरडं पडलं तर महिन्यातून एकदा, वाटीभर. हिवाळ्यात त्याची मुळं पीत नाहीत. तुम्ही घातलेलं पाणी तसंच बसून राहतं आणि मुळं कुजतात. हे गवत थंडीने मरतं त्याच्यापेक्षा जास्त वेळा प्रेमाने मरतं, असं आमच्या मालकीणबाई, नूला, म्हणतात. अंघोळीनंतरचं पाणी दुसऱ्या कशाला तरी घाला. अंगणात तो झुडपांच्या कुंपणाचा हिरवा हेज आहे, त्याला कितीही घाला, तो बुडणार नाही.

कापायचं का, तर हो. पानं पूर्ण वाळली की वीतभर ठेवून बाकी कापा. ओलं आहे की कोरडं हे बघायला बोट घालू नका, कुंडी उचला. जड म्हणजे ओली, हलकी म्हणजे कोरडी. तुम्ही सिग्नलचे खटके ओढलेत, तुमच्या हातांना एका दिवसात कळेल.

मी मास्टर्स अर्धवट सोडून इथे कुंड्या भरतो, हे तुम्हाला माहीत असेल. गाइडने ऑनलाइन मीटिंगमध्ये माझं काम सगळ्यांसमोर भंगारात काढलं. मी लॅपटॉप मिटला तो मिटलाच. संध्याकाळी ईमेलने कॉलेज सोडलं. माझ्याबद्दल लिहायला अटीत बंदी नाही, म्हणून लिहिलं.

एक विचारायचं होतं. गवताकडे तुमच्याशिवाय कुणी बघतं का? हा प्रश्न गवताबद्दलच आहे.

आपला,
अद्वय


एनिस
२२ नोव्हेंबर २०२०

चि. अद्वय यास,
अनेक आशीर्वाद.

'श्री.' लिहिताना हात अडखळला म्हणून 'चि.' केलं. त्यातून काही अर्थ काढू नये.

तुझ्या सांगण्याप्रमाणे कुंड्या पडवीत नेल्या. शाल धुतली. अंघोळीनंतरचा गडवा हेजला देतो. शेजारची म्हातारी म्हणाली, विलास, पाऊस पडतोय आणि तू हेजला पाणी घालतोयस. मी म्हटलं, ग्रँड, म्हणजे उत्तम चाललंय. इथे तेवढ्या एका शब्दावर माणूस वर्ष काढू शकतो.

आता अडचण ऐक. कुंड्या मी रोज सकाळी उचलून बघतो. त्या जडच आहेत. पाण्याचा थेंब घातला नाही, देवाशपथ, तरी माती ओली. छत तपासलं, गळत नाही. काचेवर वाफ धरते, पण ती खाली फरशीवर उतरते, कुंडीत नाही. बिघाड आहे, पण दिसत नाही, अशी ही तऱ्हा. सिग्नल खात्यात असं झालं की आम्ही जेवण सोडायचो.

तुझा प्रश्न. गवताकडे कोण बघतं ते मला ठाऊक नाही. स्वानंदी येते ती दारातच बूट काढून सरळ अंघोळीला. लॅबमध्ये नमुन्यांचे ढीग आहेत. दिवाळीच्या दिवशीही ड्यूटी होती. मी एकट्याने चकल्या केल्या, त्या मऊ पडल्या. तिने चार खाल्ल्या आणि चांगल्या झाल्यात म्हणाली. हे गवताबद्दल नाही. लिहून गेलं, आता खोडत नाही.

कळवायचं ते एवढंच की माती ओली का राहते. आणि गवत वाळलंय, तर ते कापून टाकायचं का, हेही लिही.

तुझ्या व्हिसाचं काय? सरकारने सगळ्यांचेच आपोआप वाढवलेत म्हणे, माझाही. म्हणजे तू आणि मी, दोघेही इथे कुणी बोलावलं नसताना राहून राहिलो आहोत.

विलासकाका


ॲथलोन
२६ नोव्हेंबर २०२०

ती. काका,
सा. न.

कापायचं का, हे तुम्ही मागेही विचारलंत आणि मी मागेही लिहिलंय. पत्र नीट वाचत जा, ही विनंती. मी दिवसभर उघड्यावर उभा असतो, बोटं बधिर होतात, एकच गोष्ट दोनदा लिहायला जिवावर येतं.

कुंडीत पाणी आपोआप येत नाही. कुणीतरी घालतंय. घरात दोनच माणसं आहेत, आणि त्यातलं एक तुम्ही आहात. पुढचं लिहायला मला बंदी आहे.

अद्वय


ॲथलोन
२३ डिसेंबर २०२०

स्वानंदी,

फोनवर तू मला बंद केलंयस, म्हणून कागद. फाडायचा तर वाचून फाड.

काल मी एनिसला आलो होतो. नाताळासाठी रस्ते उघडले आणि माझ्याने राहवलं नाही. गॉलवेला बस बदलून आलो. तुमच्या दारापर्यंत आलो नाही. समोरच्या बाजूला ती दगडी भिंत आहे, तिच्याशी उभा राहिलो. ठरवलं होतं, तू दिसलीस की लगेच परत फिरायचं. आणि तू दिसलीस. पडवीत, दुधाचा जग घेऊन. तू वाकलीस आणि तिन्ही कुंड्यांना पाणी घातलंस. मग मागे वळून घरात बघितलंस, कुणी येत नाही ना म्हणून, आणि फरशीवर सांडलेलं मोज्यानेच पुसलंस. मी तिथे रस्त्यावर उभा राहून हसलो. एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता, तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

आता सगळं सांगतो. तुझ्या बाबांनी मला ऑक्टोबरात पत्र लिहिलं. आमचा पत्रव्यवहार चालू आहे, फक्त गवतापुरता, तुझ्याबद्दल एक अक्षर नाही अशी त्यांची अट. त्यांच्यावर रागावू नकोस. मी त्यांना पाणी बंद करायला सांगितलं. त्यांनी केलं. आणि तरी माती ओली राहते म्हणून ते बिचारे छत तपासत बसलेत, जेवण सोडायच्या गोष्टी करतायत. आणि ती तू आहेस. माझं नाव घेत नाहीस आणि मी दिलेल्या गवताला चोरून पाणी घालतेस.

तुला खरं सांगू? त्या पाण्याने ते मरेल. मुळं कुजतायत आत्ता, आपण हे लिहीत-वाचत असताना. एका ओळीत काकांना स्पष्ट कळवलं तर तिन्ही कुंड्या वाचतील. पण मी कळवणार नाही. कुजू देत. तीन काय, तीस आणीन. इतक्या महिन्यांत तुझ्याकडून मला आलेला तेवढा एकच निरोप आहे, तो मी कसा थांबवू?

आता तू काहीही म्हण, मी पाहिलंय.

तुझा,
अद्वय


एनिस
९ जानेवारी २०२१

अद्वय,

लॅबच्या पत्त्यावर आलेलं तुझं पत्र नाताळापासून माझ्या डब्याच्या पिशवीत होतं. काल वाचलं. लॅबच्या जिन्यात, मास्क लावून, उभ्याने.

बाबा तुला पत्र लिहितात हे मला त्यांच्याकडून कळायला हवं होतं. त्यांनी कधीतरी सांगितलं असतं, लाजत, चहा करताना. ते तू त्यांच्याकडून काढून घेतलंस. कुठली गोष्ट कुणी कधी सांगायची, हे तूच ठरवतोस, नेहमी.

मी पाणी का घालत होते ते सांगते. सप्टेंबरात बाबा दूध आणायला गेले आणि नदीवरच्या पुलावर उभे राहिले. घर कुठल्या बाजूला, ते आठवेना. शेजारच्या बाईंनी त्यांना घरी आणलं. आल्यावर ते म्हणाले, नदी बघत होतो. मग एकदा गॅस तसाच राहिला. एकदा मला म्हणाले, आईला फोन लाव, आणि मग स्वतःच म्हणाले, राहू दे. तुला माहीत आहे, आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते तुळशीला पाणी घालायला चुकले नव्हते. इथे आल्यापासून तोच गडवा, तीच वेळ. आणि नोव्हेंबरात एक दिवस बघते तर कुंड्या पडवीत टाकलेल्या आणि पाणी बंद. ते हेजला पाणी घालत होते. पावसात. अद्वय, मला वाटलं गेले. मला वाटलं, आपण कुठल्या झाडाला पाणी घालतो तेही आता यांना कळत नाही. झाडं वाळली तर त्यांना समजेल की आपण विसरलो, आणि ते पुन्हा पुलावर उभे असल्यासारखे बघतील. म्हणून मी घालत होते. ते अंघोळीला गेले की.

तुझ्यासाठी नाही. तू दिलेलं गवत आहे, हे पाणी घालताना माझ्या मनातही नव्हतं. हे वाचून तुला लागेल. पण खरं आहे.

आणि आता मी लिहितेच आहे तर हेही. तू कॉलेज सोडलंस म्हणून मी तुला सोडलं नाही. शंभर जण सोडतात. जुलैत तू या कुंड्या घेऊन आलास, आमच्या मागच्या पायरीवर बसलास आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कसं लिहिणार ते मला तासभर सांगितलंस. तेव्हा तू कॉलेज सोडून तीन आठवडे झाले होते. मी ऐकत होते, अद्वय. मधे प्रश्न विचारत होते. सप्टेंबरात साक्षीने सहज फोनवर सांगितलं, ॲथलोनला तुझ्या वर्गात असल्यामुळे तिला माहीत होतं. मला नव्हतं. तू भांडतोस, उठून जातोस, परत येतोस, भिंतीआडून बघतोस, आणि मग काय पाहिलं त्याचा अर्थही तूच लावतोस. यात मी कुठे आहे?

परवाच्या हिमात पडवीची काच आतून गोठली होती. कुंड्या अजून ओल्याच आहेत. काय करायचं ते बाबांना लिही. पाणी मी घालत होते हे त्यांना कळता कामा नये, म्हणजे मी का घालत होते हे कळता कामा नये. माझ्याबद्दल काही लिहू नकोस. फक्त गवतापुरतं.

स्वानंदी


ॲथलोन
१४ जानेवारी २०२१

ती. विलासकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

माती ओली का राहते त्याचा विचार केला. त्यातला एक दोष माझा आहे. जुलैत कुंड्या भरताना मी वाळू कमी घातली होती, घाई होती. ती माती पाणी सोडत नाही. तुम्ही सगळं बरोबर करत होतात.

आता एक काम आहे. हे दोघांनी मिळून केलं तर सोपं जाईल. स्वयंपाकघरात जुनी चादर पसरा, कुंडी आडवी करा आणि सगळा गड्डा बाहेर काढा. मुळं बोटांत धरून बघा. पांढरी आणि ताठ असतील तर जिवंत. तपकिरी आणि दाबल्यावर साल सुटून येणारी मेली, ती कात्रीने कापून टाका. वास येईल, घाबरू नका. जे ताठ उरेल ते लहान कुंडीत, निम्मी वाळू घातलेल्या कोरड्या मातीत लावा. मोठी कुंडी नको, रिकाम्या मातीत पुन्हा पाणी साठतं. मग त्याला विसरा. म्हणजे, काही करू नका.

पानं कापायची का, असं तुम्ही विचारलं होतं. हो, काका, कापायची. वीतभर ठेवून. परत कधी शंका आली तर परत विचारा, मी परत लिहीन. नोव्हेंबरातलं माझं पत्र फाडून टाकाल का? थंडीत लिहिलं होतं, पण थंडीचा त्यात काही दोष नव्हता.

आपला,
अद्वय


एनिस
१८ एप्रिल २०२१

चि. अद्वय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. उशीर झाला असं स्वानंदी म्हणते. मला वाटत होतं की मी तुला मधे लिहिलं आहे. लिहिलं असेल तर हे दुसरं समज.

दोघांनी मिळून करा म्हणालास, म्हणून तिला पत्रांचं सांगितलं. चहा करतानाच सांगितलं. ती म्हणाली, बरं. फार चौकशी केली नाही.

जानेवारीत आम्ही दोघांनी ते ऑपरेशन केलं. ती लॅबचे हातमोजे घालून, मी तसाच. दोन कुंड्या गेल्या होत्या, मुळं हातात शेवयांसारखी आली. तिसरीची एक बाजू ताठ होती. स्वानंदीने ती अशी कापली की मला तिच्या आईचा हात आठवला, भाजी निवडतानाचा. कापताना ती एकदम रडायला लागली. मी म्हटलं, अगं गवत आहे. ती म्हणाली, माहीत आहे बाबा. मग आम्ही ते लहान कुंडीत लावलं आणि फरशी पुसली. त्यानंतर दोन महिने काही नाही. नुसती काड्यांची जुडी. पण मी विसरलो नाही. मी बरंच विसरतो हे मला कळतं, तू कळत नसल्यासारखं लिहितोस तेही कळतं. पण ती कुंडी विसरलो नाही.

आणि आता फुटलं आहे. खरंच फुटलं. गेल्या आठवड्यात एक हिरवं पातं, आता पाच आहेत.

नागपूरची बातमी तू वाचतच असशील. माझा धाकटा भाऊ सुभाष ऑक्सिजनवर आहे. खाट मिळाली हेच नशीब. मी इथे, विमान नाही, आणि असतं तरी जाऊन बाहेर रस्त्यावरच उभा राहणार. म्हणून मी काय करतो, सकाळी उठून आधी पडवीत जातो. ते पातं बघतो. हिरवा दिसला की गाडी सोडायची, तसं. मग नागपूरला फोन लावतो. आतापर्यंत रोज बातमी निभावण्यासारखी आली आहे. हसू नकोस. शिकलेला माणूस आहे मी, पण सकाळी सहा वाजता कुणी शिकलेला नसतो.

एका पात्याचं टोक कापून सोबत चिकटपट्टीने लावलं आहे. तुझ्या मालकीणबाईंना दाखव. त्यांना सांग, प्रेमाने मेलं नाही.

तुझा,
विलासकाका


ॲथलोन
२२ एप्रिल २०२१

स्वानंदी,

तू लिहू नकोस म्हणाली होतीस. हे गवताबद्दलच आहे, आणि काकांना हे लिहिणं मला जमत नाही म्हणून तुला लिहितोय.

काकांनी पाठवलेलं पातं आपल्या गवताचं नाही. ते साधं कुरणातलं गवत आहे, इथे रस्त्याच्या कडेला, गटारावर, कुठेही येतं. टोक होडीसारखं दुमडलेलं असतं त्याचं. जांभळं गवत फुटतं ते जाड, बुडाशी लालसर. मी नूलाला दाखवलं. ती एरवी कशालाही ग्रँड म्हणते, हे तिने नुसतं परत माझ्या हातात ठेवलं. कुठूनतरी बी उडून आलं असेल, किंवा वाळूतून आलं असेल. मूळ गवत आता फुटेल असं वाटत नाही. एप्रिल संपत आला.

मी दोनदा काकांना लिहायला बसलो. एकदा खरं लिहिलं आणि फाडलं. एकदा 'वा काका, छान फुटलंय' असं लिहिलं, ते तर लगेच फाडलं. आणखी एक सुचलं होतं, तेही सांगून टाकतो. इथल्या काचघरात जांभळ्या गवताची तयार रोपं आहेत. एक पाठवून द्यायचं, तू गुपचूप बदलायचं. त्यांना कळलं नसतं. मग लक्षात आलं की हे मी जुलैत तुझ्याबरोबर केलं होतं. पायरीवर बसून.

जानेवारीत मातीचा दोष माझ्यावर घेतला तो तुझ्यासाठी, आणि अर्धा खराही होता. पण हे मला एकट्याला ठरवायचं नाही. ते रोज सकाळी त्या पात्याकडे बघून फोन लावतात. ते पातं मी त्यांच्याकडून काढून घ्यायचं का, कधी, कसं? तू सांगशील तसं करेन. काहीच करू नकोस म्हणालीस तर काहीच करणार नाही, आणि ते मला किती जड जातं तुला माहीत आहे.

आणि एक. कॉलेजला मेल केलाय, सप्टेंबरात उरलेलं पूर्ण करू देतील का म्हणून. उत्तर आलेलं नाही. नाही म्हणतील बहुतेक. हे अजून आईलाही सांगितलेलं नाही, तुला आधी सांगतोय.

अद्वय


एनिस
१ मे २०२१

अद्वय,

सुभाषकाका परवा घरी आले. ऑक्सिजन काढला, अशक्तपणा खूप आहे, पण फोनवर बाबांशी भांडले, म्हणजे ठीक आहेत. तू पत्र पाठवलंस तेव्हा तसं नव्हतं. मी उत्तराला थांबले ते त्यासाठी. तेव्हा तू घाईत खरं लिहून टाकलं असतंस तर मी तुला कधीच माफ केलं नसतं. तू लिहिलं नाहीस. विचारलंस. मी ते पत्र पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं माझी वाचण्यात काहीतरी चूक होतेय.

आता सांगायला हरकत नाही. पण मी सांगणार नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर ते हसतील आणि म्हणतील, जाऊ दे पोरी, मला माहीतच होतं. मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मग एकटे पडवीत जाऊन उभे राहतील. पत्रातूनही नको, पत्र ते पुन्हा पुन्हा काढून वाचतात. तू समोर बसून सांग. तुझ्याशी ते वाद घालतील. पातं हातात घेऊन दाखव, होडीसारखं टोक वगैरे. त्यांना कारण कळलं पाहिजे, बिघाड कुठे होता ते. कारण कळलं की ते शांत होतात.

दहा तारखेपासून काउंटीबाहेर जायला परवानगी आहे. मला सोळाला, रविवारी सुट्टी आहे. त्या दिवशी ये. त्याआधी रस्त्यापलीकडे येऊन उभा राहू नकोस. दाराची बेल वाजव.

नवं रोप आणू नकोस. काहीच आणू नकोस. तुझ्या-माझ्याबद्दल मी अजून काही ठरवलेलं नाही, आणि तूही माझ्या वतीने ठरवू नकोस. विचार, म्हणजे सांगेन.

अजून एक आहे, ते आधीच सांगते, म्हणजे तिथे आल्यावर तुझं डोकं फिरायला नको. रविवारी तू सांगशील, ते ऐकतील, भांडतील, कदाचित रडतील. आणि सोमवारी सकाळी उठून पडवीत जातील आणि येऊन तुला विचारतील, अद्वय, बघ ना, कसं छान फुटलंय. तेव्हा ते सगळं पुन्हा सांगावं लागेल, पहिल्यांदाच सांगतोयस असं. मी रोज तेच करते.

म्हणून दोन दिवसांचे कपडे घेऊन ये.

स्वानंदी